अर्धी तार

धावड्यात अशी बोलवा आहे की, गोजरबाई पत्र्यावर पापड वाळत घालायची ते काही उन्हानं वाळायचे नाहीत. खाली तिचा नवरा कचरू रागावून बसलेला असायचा, त्याच्या धगीनं वाळायचे. ढगाळ दिवशी शेजारणी मुद्दाम विचारायच्या, "गोजरबाई, आज कचरूभाऊ कुणावर तापलेत? आमच्या कुरडया आणून घालू का?"

त्या वर्षी कचरू ज्याच्यावर तापला होता तो माणूस नव्हता. तो बल्ब होता. त्याच्या घराच्या मधल्या खोलीतला.

त्या खोलीला खिडकी नाही. पुढं ओसरी, मागं स्वयंपाकघर, आणि मध्ये ही खोली, भर दुपारीही काळी. तिथून स्वयंपाकघरात उतरायला एक पायरी, तीही वीतभर खोल. त्यामुळं सकाळ असो की संध्याकाळ, त्या खोलीत बल्ब हवाच. आणि नेमका तिथलाच बल्ब टिकत नव्हता. लावला की दोन-तीन दिवस शहाण्यासारखा जळायचा, आणि मग एखाद्या सकाळी एकाएकी पांढराफटक पडायचा, फुलबाजीसारखा तडतडायचा, आणि फट्ट. सव्वादोन महिन्यांत सतरा बल्ब गेले. सतरावा तर इतक्या झटक्यात गेला की उजेड समोरच्या भिंतीपर्यंत पोचला तेव्हा अंधार आधीच तिथं मांडी घालून बसलेला होता.

कचरूनं सगळं करून पाहिलं. कंपनी बदलली. जुना तारेचा बल्ब लावून पाहिला. होल्डर बदलला, बटण बदललं. कुणी म्हणालं दृष्ट आहे, म्हणून होल्डरला लिंबू बांधलं. त्याही बल्बानं जीव सोडला, आणि लिंबू असं भाजून निघालं की गोजरबाईनं त्याचं लोणचं घातलं असतं, पण नवऱ्याचं तोंड बघून घातलं नाही.

एकदा मात्र ती बोलली होती.

"अहो, नळ आला का बल्ब जातो बरं का. म्या पाह्यलंय."

"नळाचा आन् बल्बाचा काय संबंध?" कचरू खेकसला होता. "पाणी काय तारंतून येतं का?"

आणि पुढच्याच नळाच्या सकाळी, डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन ती मधल्या खोलीतून जात असताना सतरावा बल्ब गेला. पायरी दिसली नाही. हंडा, कळशी आणि गोजरबाई तिघंही स्वयंपाकघरात एकदमच पोचले. मनगट मोडलं. भोकरदनला नेऊन प्लास्टर घातलं, आणि तिसऱ्या दिवशी तिची लेक शालू मंठ्याहून येऊन आईला घेऊन गेली.

जाताना गोजरबाई रडली नाही की भांडली नाही. चप्पल घालता घालता एवढंच म्हणाली, "त्या खोलीत बल्ब टिकला का निरोप धाडा, येते. न्हाई टिकला तर बसा अंधारात तुमच्या रागासंगं. तुम्हा दोघांचं चांगलं जमतंय."

लग्नाला अडतीस वर्षं झाली होती, आणि हे वाक्य बाईनं असं साध्या आवाजात टाकलं की कचरूला उत्तर सुचलं तेव्हा गाडी जालन्याच्या पुढं गेली होती.

मग घरात कचरू एकटा. पहिल्या दिवशी त्यानं भाकरी थापली. ती भाकरी गल्लीतल्या कुत्र्यानं तोंडात धरून नेली, उकिरड्याशी खड्डा खणून पुरली, आणि वरून दोनदा पाय आपटून माती दाबली. दुसऱ्या दिवशी कचरूनं चहावर भागवलं. तिसऱ्या दिवशी त्यानं मेलेले सतरा बल्ब पिशवीत भरले आणि तो थांब्यासमोरच्या इब्राहीमच्या दुकानावर चालून गेला.

इब्राहीम वायरी, बल्ब, पंखे विकायचा आणि गावातलं लाइटीचं कामही करायचा. शांत माणूस. करंट लागला तरी आधी बिस्मिल्ला म्हणेल आणि मग हात काढून घेईल, असा.

कचरूनं पिशवी काउंटरवर उपडी केली.

"हळू, कचरूभाऊ. फुटतील."

"फुटू दे. जिते होते तवा कुठं उजेड पाडला यांनी."

दुकानात चार गिऱ्हाइकं होती, ती कामं विसरून वळली.

"डुप्लिकेट माल इकून राह्यला तू, इब्राहीम. सतरा बल्ब. माझी बायको पडली त्याच्यापायी. मनगट मोडलं तिचं."

"भाभींचं ऐकलं मी. लई वाईट झालं," इब्राहीम म्हणाला. "पण मालाला डुप्लिकेट म्हणू नका. ह्याच खोक्यातले बल्ब मशिदीत हायेत, शाळेत हायेत, तुमच्या भावाच्या घरात..."

"भावाचं नाव काढू नको."

"बरं, न्हाई काढत. तुमच्या भिंतीच्या पलीकडं जो कोणी राहतो, त्याच्या घरात हायेत. त्याचा एकबी गेला न्हाई."

गिऱ्हाइकं हसली. कचरूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. इब्राहीमनं मात्र एकेक बल्ब उचलून रांगेत मांडायला सुरुवात केली. त्याची एक रीत होती. बल्ब विकला की त्याच्या मानेवर काळ्या मार्करनं तारीख टाकायची, आणि गेलेला बल्ब परत आला की गिऱ्हाइकाला विचारून दुसरी तारीख टाकायची, कधी गेला त्याची. गॅरंटीच्या भानगडी मिटवायला त्यानं ही रीत पाडली होती. कचरूही नवा बल्ब नेताना गेलेला दरवेळी दाखवून परत न्यायचा.

"पाच तारखेला गेला," तो वाचू लागला. "हा नऊला. हा तेराला. हा सतराला. हा एकवीसला. कचरूभाऊ, हे बल्ब मरून न्हाई राह्यले, हे हप्त्यावर चाललेत. दर चौथ्या दिवशी काय असतं गावात?"

"नळ," मागून एक गिऱ्हाईक बोललं.

कचरूच्या डोळ्यांसमोर गोजरबाई आली, हंडा न घेता, नुसतीच. तिच्याकडं बघायचं टाळून तो म्हणाला, "नळाचा काय संबंध?"

"मलाबी ठावं न्हाई. परवा नळ हाय. सकाळी मीटर घेऊन येतो. माल खोटा निघाला तर दुकान बंद करून जाईन. पण खरा निघाला, तर ह्याच ठिकाणी, ह्याच चौघांसमोर बोललेलं परत घ्यायचं."

"बघू," कचरू म्हणाला. त्याच्या तोंडून 'हो' निघाल्याचं गावात कुणाच्या ऐकिवात नव्हतं. 'बघू' म्हणजे त्याचं मोठ्यातलं मोठं 'हो'.

नळाच्या सकाळी इब्राहीम आला. शिडी लावून त्यानं नवा बल्ब बसवला, अठरावा, आणि मीटरची दोन टोकं होल्डरशी जोडून तो खाली बसला. मीटरवर आकडा उभा राहिला, दोनशे पस्तीस. बल्ब छान जळत होता.

मग गल्लीत ओरड झाली. नळ आला. बादल्यांचे, बायकांचे, शिव्यांचे आवाज सुरू झाले, आणि त्याबरोबर भिंतीपलीकडच्या मागच्या अंगणात मोटार घुं करायला लागली. नळाला मोटार लावून पाणी ओढायचं काम पलीकडचा कडूबा दर चौथ्या दिवशी करायचा, आणि कचरू दर चौथ्या दिवशी त्याच्या नावानं खडे फोडायचा. आज मात्र तो मीटरकडं बघत होता.

दोनशे पस्तीसचे दोनशे साठ झाले. दोनशे नव्वद झाले. तीनशे अठरा झाले. बल्ब पांढरा पडला, तडतडला, आणि अंधारात दोघंही एकमेकांचा श्वास ऐकत बसले.

"पाह्यलं?" कचरूनं अंधारातच दात चावले. "पाणी ओढतो ते ओढतो, आता माझा उजेडबी ओढून राह्यला."

"ओढून न्हाई राह्यला, भाऊ. उलट जास्तीचा पाठवून राह्यला. तुमच्या बल्बाला पचत न्हाई इतका."

इब्राहीमनं मोबाइलची बत्ती लावली आणि वरच्या वायरिंगवर फिरवली. कचरूच्या बाकीच्या घरात नवी वायर होती, पण ह्या खोलीत अजून जुनं फिटिंग होतं, लाकडी पट्टीवर मारलेली लाल आणि काळी तार. लाल तार कचरूच्या मीटरकडं जात होती. काळी सरळ मधल्या भिंतीत घुसली होती.

"ही काळी पलीकडून येते?"

"हां. खांब त्याच्या बाजूला हाय."

"आणि त्याच्या मोटारीची काळी?"

"तीबी हीच. बापाच्या वखतापासून."

"मंग आता ऐका. तुमचं मीटर एका फेजवर, त्याचं दुसऱ्या फेजवर. जायचे रस्ते दोन, पण परत यायची तार दोघांत एकच, ही काळी. समजा, दोन घरांच्या न्हाणीचं पाणी एकाच मोरीतून जातं. मोरी तुंबली आणि वरच्यानं हंडाभर पाणी ओतलं, तर ते कुठं निघंल?"

"खालच्याच्या घरात."

"बस. त्याची मोटार म्हणजे हंडा. तुमचा बल्ब म्हणजे खालचं घर. ही तार कुठंतरी सैल हाय. हिला भिंतीत कुठं जोड हाय का?"

"न्हाई," कचरू म्हणाला.

तो इतक्या लवकर म्हणाला की इब्राहीमनं बत्ती तारेवरून काढून त्याच्या तोंडावर मारली.

जोड होता. तो कचरूनंच केला होता, पंचांसमोर, स्वतःच्या हातानं.

कडूबा म्हणजे कचरूचा धाकटा भाऊ. त्यांच्या आईची आधीची लेकरं जगली नव्हती. म्हणून तिनं एकाला उकिरड्यावर लोळवून कचरू केलं आणि दुसऱ्याला कडूबा म्हटलं, यमाला चवच लागू नये म्हणून. यम फिरकला नाही, पण नावं अंगात मुरली. दोन वर्षांपूर्वी दोघांची वाटणी झाली तेव्हा पंच तीन दिवस बसले होते आणि उठताना दोघा पंचांना ताप भरला होता. भांडी वाटली, पत्रे वाटले, चौकटी वाटल्या. अंगणातल्या लिंबाच्या झाडाची सावलीसुद्धा वाटली. सकाळची कचरूला, दुपारनंतरची कडूबाला, आणि बारा वाजता ती बुडाशी गोळा होते तेव्हा दोघांपैकी कुणीच तिथं बसायचं नाही.

शेवटी राहिली ही काळी तार. कडूबा म्हणाला, माझ्या बाजूनं आत येते म्हणजे माझी. कचरू म्हणाला, बापानं टाकली, अर्धी माझी. पंच हात जोडून म्हणाले, बाबांनो, तारेला अर्धं नसतं. कचरू म्हणाला, असतं. त्यानं तार हातानं मापली. अठरा हात भरली. लाइट बंद करून पकडीनं बरोबर नऊ हातांवर तोडली आणि दोन्ही टोकं पंचांना दाखवली. ही त्याची, ही माझी. मग उजेड तर दोघांनाही पाहिजे होता, म्हणून तीच टोकं परत एकमेकांत पिळली, मोटारीची तारही त्यातच गुंडाळली. चिकटपट्टी कुणी आणायची ह्यावर दोघांचं एकमत होईना, तेव्हा कचरूनं खांद्यावरच्या टॉवेलाची कड फाडून तिच्याभोवती बांधली. दुसऱ्या दिवशी नेमकी त्याच हद्दीवर मधली भिंत चढली, आणि जोड लाकडी पट्टीसकट आत गाडला गेला. वर कचरूनं कागदावर लिहून घेतलं की ही भिंत दोघांची, एकाला विचारल्याशिवाय दुसऱ्यानं तिला खिळासुद्धा मारायचा नाही.

हे सगळं त्यानं इब्राहीमला सांगितलं. सांगताना आवाज चढवूनच सांगितलं, जणू इब्राहीमनंच त्याच्या हातात पकड दिली होती.

इब्राहीम म्हणाला, "चाळीस वर्षं काम करून राह्यलो. तारेची वाटणी पहिल्यांदा ऐकली."

"आता इलाज सांग."

"दोन इलाज हायेत. एक दहा मिनिटांचा. तुमच्या मीटरपासून नवी काळी तार ओढतो, भिंतीला हात लावायची गरज न्हाई. तुमचा बल्ब टिकंल."

"मंग ओढ की."

"दुसरा ऐका. तुमचा बल्ब टिकला तरी आतला जोड तसाच राहतो. मोटार चालती तवा तो तापतो. आत चिंधी हाय, सुकं लाकूड हाय. एखाद्या दिवशी धरंल. भिंत फोडून जोड नीट केला पाहिजे, आणि त्याला कडूबाला विचारावं लागंल. मी सांगितलं तर तो म्हणंल, कचरूनं पढवून पाठवला. तुम्हालाच सांगावं लागंल."

"त्याला?" कचरू म्हणाला. "त्याला सांगण्यापरीस मी पायरीवरून रोज पडंन. तू तार ओढ."

इब्राहीम वायर आणायला दुकानात गेला. कचरूला दम निघेना. त्यानं मंठ्याला फोन लावला. शालूनं आईच्या कानाला लावून दिला.

"घावलं," कचरू म्हणाला. "दहा मिनिटांचं काम हाय. उद्या निघ."

"काय घावलं?"

त्यानं सांगितलं. जोडाचं सांगितलं, तेवढं थोडं घाईत. नळाचं मात्र नाही सांगितलं. पण अडतीस वर्षांत गोजरबाई नवऱ्याच्या न बोललेल्या गोष्टीही ऐकायला शिकली होती.

"म्हंजे नळाच्या दिवशीच जात होता ना?"

"हां."

"बरं. आन् भितीतल्या जोडाचं काय?"

"ते त्याचं तो बघंल. मोटार त्याची हाय."

"त्याला ठावं हाय का?"

कचरूनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्या भितीला पलीकडून कुणाची बाज हाय, सांगा बरं?" गोजरबाईचा आवाज अजून साधाच होता. "उषाबाईची. तिकडं डोकं करून झोपती ती. तुमी भाव-भाव भांडा, मी कधी मधी बोलायला आलती का? पण माझ्या खोलीत उजेड आन् तिच्या उशाला इस्तू, असा उजेड मला नको. भीत उघडा. मोटार चालू असताना बल्ब टिकला का फोन करा. तवा येते. तवर शालूकडं भाकरी चांगली असती."

फोन बंद झाला. कचरूनं फोनकडं असं बघितलं की फोनची बॅटरी एका दमात चाळीसवरून अकरावर आली, असं म्हणतात. बायकोवर राग आला, इब्राहीमवर आला, पंचांवर, खांबावर, नळावर, नळ शोधून काढणाऱ्यावर आला. सगळे राग एकामागं एक येऊन गेले, आणि मग शेवटी जो उरला तो कुणावर काढावा हे त्याला कळेना, कारण पकड त्याच्याच हातात होती.

इब्राहीम वायरीचं भेंडोळं घेऊन आला. कचरू म्हणाला, "ठेव ते. छन्नी-हातोडा हाय का?"

कडूबाचं दार कचरूच्या दारापासून आठ पावलांवर. दोन वर्षांत ती आठ पावलं कुणी टाकली नव्हती. कचरूनं ती अशी टाकली की जणू लढाईला चाललाय. दारात उषाबाई तूर पाखडत होती. मोठा दीर बघून तिनं पदर ओढला आणि सुपाकडं बघत आत हाक दिली, "अहो, मोठे दादा आलेत." आणि हळूच भर घातली, "हातात हातोडा हाय."

कडूबा बाहेर आला. पन्नाशीचा, पण रागात थेट थोरल्यावर गेलेला.

"काय हाय?"

"बोलायचंय."

"बोला. मलाबी लई दिवसांपासून बोलायचंय. माझी मोटार दोनदा जळाली. दोनदा भरून आणली. चालू केली का नुसती घुं घुं करती, पाणी धड ओढत न्हाई. करणी करून राह्यले तुमी. होल्डरला लिंबू बांधल्याचं अख्ख्या गावाला ठावं हाय."

"ते लिंबू माझ्या बल्बासाठी व्हतं, गाढवा."

"बल्बाला लिंबू कोण बांधतं?"

"ज्याचे अठरा बल्ब जातात तो बांधतो. तुझ्या मोटारीपायी."

"माझ्या मोटारीपायी? का तुमच्या बल्बापायी माझी मोटार?"

इब्राहीम मागं उभा होता. तो हळूच म्हणाला, "दोघंबी बराबर बोलून राह्यले."

दोघंही त्याच्याकडं वळले, आणि त्या घटकेला दोन वर्षांत प्रथमच दोन्ही भावांचं एका गोष्टीवर एकमत झालं, की ह्या इब्राहीमला आधी गप्प करावं. पण इब्राहीम आधीच गप्प होता. बोलायचं काम आता कचरूचं होतं.

"तार तुटलेली हाय," कचरू म्हणाला. "आत. भितीत."

"कोणती तार?"

"आपली. काळी."

"ती तुमी तोडल्ती."

"मीच तोडल्ती. जोडबी मीच केल्ता. चुकीचा केल्ता. चिंधी बांधली म्या. आता तापून राह्यलाय तो. तुझी बाज त्याच्याखाली हाय. हे सांगायला आलोय आणि तू लिंबू घेऊन बसला. चुकलो म्हणतोय ते ऐकू येत न्हाई का तुला, भयऱ्या?"

माफी मागायचे गावात बरेच प्रकार आहेत. हातोडा नाचवत शिवी देऊन मागितलेली माफी ही त्यातली एकमेव, तरी तिथं उभ्या असलेल्या चौघांनाही ती माफीच आहे हे कळलं. कडूबानं हातोड्याकडं बघितलं आणि म्हणाला, "फोडायची तर तुमच्या बाजूनं फोडा. माझ्या बाजूला गिलावा नवा हाय."

"माझ्या बाजूचा काय जुना हाय?"

"जुनाच हाय. पाह्यलाय म्या."

"कधी पाह्यला? माझ्या घरात कधी आल्ता तू?"

शेवटी इब्राहीमनं दोन छन्न्या दिल्या. कचरू आपल्या खोलीत शिडीवर चढला, कडूबा आपल्या, आणि एकाच जागेवर दोन्हीकडून घाव पडू लागले. वाटणीच्या हिशेबानं निम्मी निम्मी जाडी. घाव असे पडत होते की एकीकडून कचरूनं मारला की दुसरीकडून कडूबाच्या तोंडावर माती उडे, आणि कडूबानं मारला की कचरूच्या. प्रत्येक मातीला एकेक शिवी. लाइट बंद होती, इब्राहीम दोन्ही घरांत पळत होता, बत्ती धरायला. गल्लीतल्या पोरांनी दोन्ही ओसऱ्या भरल्या.

मग भोक पडलं. पहिल्यांदा मुठीएवढं, मग परातीएवढं. पलीकडून कडूबाचं मातीनं माखलेलं तोंड दिसलं, आणि मध्ये, दोघांच्या नाकांच्या मधोमध, जोड.

चिंधी नव्हती. तिच्या जागी काळी राख तारेला चिकटलेली होती. तारांचे पिळलेले शेंडे निळे-काळे पडले होते. खालची लाकडी पट्टी हातभर कोळसा झाली होती, आणि कचरूनं बोट लावलं तर ती बोटाबरोबर आली.

शिव्या थांबल्या. कडूबाच्या शिडीखाली उभी असलेली उषाबाई वर बघत होती. मग खाली, बाजेवरच्या उशीकडं बघितलं. दीरासमोर ती कधी थेट बोलत नसे. आजही ती कुणाकडं न बघता म्हणाली, "मला वाटायचं, रात्री वास येतो तो चुलीचा हाय."

कचरू शिडीवरच उभा राहिला. त्याला रागवायचं होतं. चाळीस वर्षांची सवय होती. त्यानं राग शोधला, इकडं-तिकडं चाचपडला, आणि मग खाली उतरून ओसरीवर जाऊन बसला. पोरं बाजूला सरकली. कुणी सांगतात, त्या दिवशी त्याचा पत्रा इतका गार पडला की कावळा येऊन बसला. ते खरं की खोटं, कावळ्यालाच माहीत.

इब्राहीमनं जळका भाग कापून टाकला, नव्या तारा आणल्या, पितळी जोड घालून स्क्रू आवळले आणि भोकात झाकणाचा डबा बसवला. दोन्हीकडून उघडता येईल असा. तीन दिवस जोड झाकणाखाली थंड राहिला. भोक मात्र डब्याभोवती तसंच राहिलं, कारण गिलावा आधी कुणी करायचा हे ठरत नव्हतं.

नळाच्या सकाळी कचरू नव्या, एकोणिसाव्या बल्बाखाली उभा राहिला, कानाला फोन लावून. मंठ्याला गोजरबाई ऐकत होती. मीटर घेऊन इब्राहीम बसला होता. गल्लीत नळाची ओरड झाली. डब्याच्या कडेनं पलीकडून आवाज आला.

"लावू का?"

कचरूनं घसा साफ केला. "लाव. हळू लाव."

"मोटार काय हळू लागती का?"

"मंग जोरात लाव, पण लाव."

मोटार लागली. घुं नाही, साफ आवाज, पाण्याला धरून चालणारा. मीटर दोनशे पस्तीस. दोनशे बत्तीस. परत दोनशे पस्तीस. बल्ब होता तसाच राहिला, पिवळट, मुकाट. हंडाभर पाणी झालं, दहा हंडे झाले, कडूबाची टाकी भरून वाहायला लागली तरी मोटार बंद होईना, आणि पाणी वाया जातंय म्हणून गल्लीतल्या बायका दोन्ही भावांना एकत्र शिव्या देऊ लागल्या.

"आवाज आला का?" कचरू फोनमध्ये म्हणाला.

"मोटारीचा आला," गोजरबाई म्हणाली. "बल्बाचा कसा येईल? टिकलाय का?"

"टिकलाय."

"उद्या पैल्या गाडीनं येते."

त्याच दुपारी कचरू थांब्यावर गेला. ती चार गिऱ्हाइकं एकत्र मिळणं शक्य नव्हतं, म्हणून त्यानं जे दिसले त्यांच्यासमोर दरडावून सांगितलं, "इब्राहीमचा माल खरा हाय. कुणी खोटा म्हणलं तर माझ्याशी गाठ हाय." लोकांना कळेना, खोटा कोण म्हणालं. इब्राहीमनं त्याला विसावा बल्ब दिला, जवळ असावा म्हणून. त्याच्या मानेवर तारीख टाकली आणि पुढची जागा मोकळी ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी रिक्षा गल्लीत थांबली. गोजरबाई उतरली, हाताला प्लास्टर, दुसऱ्या हातात पिशवी. कचरू दारात उभा होता, सकाळी सहापासून. ती त्याच्या हातात पिशवी देऊन, त्याच्याकडं न बघता आठ पावलं पुढं गेली आणि उषाबाईच्या दारात शिरली. आत दोघींचं काय बोलणं झालं कुणास ठाऊक. पाऊण तास झालं. कचरू पिशवी धरून उभा, आणि कपाळावरची शीर परत जागी झाली.

"ह्ये घर इकडं हाय," त्यानं शेवटी भिंतीतून ओरडून सांगितलं.

गोजरबाई आली. मधल्या खोलीत थांबली. वर बघितलं. बल्ब जळत होता. कचरूनं तो नळाच्या सकाळपासून बंदच केला नव्हता. बंद केला आणि परत लागलाच नाही तर, ह्या भीतीनं तो रात्रभर उजेडात टक्क डोळे उघडे ठेवून झोपला होता. तिनं भोक बघितलं, न झाडलेली माती बघितली, स्वयंपाकघरातलं चहाचं पातेलं बघितलं, चहाच्या थरांनी आतून काळं झालेलं.

"भर दुपारचा कशाला जाळून राह्यले?"

"असू दे. हात लावू नको."

तिनं हात लावला. टक. खोली काळी झाली. अंधारात कचरू काहीतरी बोलणार होता, मोठं, गावाला ऐकू जाईल असं, इतक्यात तिनं पुन्हा बटण दाबलं.

लागला.

"बसा की आता," गोजरबाई म्हणाली आणि त्या उजेडात पायरी बघून स्वयंपाकघरात उतरली. "चूल पेटवायला एक हात पुरतो, पीठ मळायला पुरत न्हाई. उठा, पीठ चाळून द्या."

"मी?" कचरू म्हणाला.

"मंग कडूबाला हाक मारू?"

तो उठला. चरफडत, ओठातल्या ओठात चाळणीला शिव्या देत, त्यानं पिठाचा डबा ओढला.